पांढरीच्या पोटातला उकिरडा : इनामगावच्या वाचनाविषयी

मराठी माणसाला इतिहास म्हटला की किल्ला आठवतो, देऊळ आठवते, ताम्रपट आठवतो. ही तिन्ही साधने सत्ताधाऱ्यांची. त्यांनी ती बांधली, कोरली, जपली. त्यांत आपल्या लोकांचा उल्लेख आलाच तर तो वेठीच्या किंवा दंडाच्या निमित्ताने आला. त्यामुळे दलित लेखकाने लिखित इतिहासाकडे संशयाने पाहिले हे योग्यच झाले. परंतु या भूमीवर अक्षर उमटण्यापूर्वी हजार-दीड हजार वर्षे माणसे नद्यांच्या काठी घरे बांधून राहत होती. त्यांनी मागे ठेवला तो उकिरडा. उकिरडा कुणी कुणाच्या आज्ञेने लिहीत नाही. त्यात काय टाकावे आणि काय लपवावे याचा विचार कुणी पुढच्या पिढ्यांसाठी करीत नाही. म्हणून मला तो ताम्रपटापेक्षा विश्वासू साक्षीदार वाटतो.

युरोपातही प्राचीन माणसाची ओळख अशाच ढिगांनी करून दिली. डेन्मार्कच्या किनाऱ्यालगत शिंपल्यांचे मोठमोठे ढीग होते. ते समुद्राने आणून टाकले असावेत असा समज होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीनस्ट्रुप, वोर्सो आदी संशोधकांनी ते उकलले, तेव्हा शिंपल्यांत चुलीची राख, दगडी हत्यारे आणि फोडलेली हाडे निघाली. ढीग समुद्राचे नव्हते. माणसांच्या शेकडो वर्षांच्या जेवणाचे ते उरलेसुरले होते. आपल्या दख्खनच्या नद्यांकाठी निव्वळ शिंपल्यांचे असे डोंगर नाहीत. आपल्याकडे आहे ती पांढरी. पडलेल्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, खापरे, हाडे, नदीतल्या शिंपल्यांची टरफले यांचे थर एकावर एक बसून झालेले हे टेकाड. शेतकरी तिची माती खत म्हणून गाडीने नेतो. ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गाव, हे आपल्या भाषेतले जुने जोडनाव आहे. आपली वस्ती या दोन्हींत धरली जात नसे. काळी आपल्या नावावर नव्हती आणि पांढरीत आपल्याला घर नव्हते. तेव्हा पांढरी खणून कुणी काही सांगू लागला तर ते आपण कान देऊन ऐकले पाहिजे, आणि तपासूनही घेतले पाहिजे. या लेखात मला तेच करायचे आहे.

भीमेच्या खोऱ्यातली सर्वांत तपशिलाने खणलेली पांढरी म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. घोड भीमेला मिळते आणि भीमा पुढे आमच्या सोलापूर जिल्ह्यात येते. उजनीच्या भिंतीला अडते आणि पंढरपुरात चंद्रभागा म्हणवून घेते. बारामती तालुक्यातले सोनगाव कऱ्हा आणि नीरा यांच्या काठचे. तिथेही अशीच जुनी वस्ती निघाली. त्या नीरेचे पाणीही शेवटी भीमेतच येते. तेव्हा इनामगावची गोष्ट ही आम्हा सोलापूरकरांच्या नदीचीच वरच्या अंगाची गोष्ट आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. मुख्य अहवाल १९८८ मध्ये निघाला. वस्ती इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास सुरू झाली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उठली. जवळजवळ नऊशे वर्षे! लोखंड अजून नव्हते. तांबे थोडे होते, रोजच्या कामाला गारगोटीच्या जातीच्या दगडांची पाती होती. जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, वाटाणा. पुराचे पाणी अडवून वळवण्यासाठी दगडमातीचा बांध आणि चारी होती. आधीच्या काळात चौकोनी, कुडामातीची ऐसपैस घरे होती. इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, शेती ढासळली आणि त्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, असे संशोधकांचे म्हणणे आहे. मेलेल्यांसाठी गावाबाहेर स्मशान नव्हते. मूल गेले की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीतच पुरत. मोठ्या माणसाला उताणे पुरत आणि त्याची पावले घोट्याजवळ तोडत. गेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून तसे करीत असावेत, असा अर्थ लावला गेला.

एक माणूस मात्र वेगळा पुरलेला सापडला. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला. त्याची पावले शाबूत होती. घराला लागून धान्याचे कोठार होते. यावरून ढवळीकरांनी निष्कर्ष काढला की हा गावाचा प्रमुख असावा, कोठारात जमा होणारे धान्य त्याच्या ताब्यात असावे आणि ही प्रमुखाच्या सत्तेखालची समाजरचना असावी. त्याच्याच जोडीला आणखी एक निष्कर्ष आला : गावाच्या मध्यभागी प्रमुख आणि सधन शेतकरी राहत, कुंभार, सोनार, चुना भाजणारा असे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत.

हा दुसरा निष्कर्ष अहवालात राहिला नाही. तो पाठ्यपुस्तकात गेला. रामशरण शर्मांचे ‘प्राचीन भारत’ हे पुस्तक भारतभर शाळेत शिकवले गेले आणि पुढे स्पर्धा परीक्षांच्या प्रत्येक उमेदवाराच्या हाती पोचले. त्यात इनामगावचा दाखला देऊन सांगितले आहे की कारागीर कडेला आणि प्रमुख मध्यभागी असणे हे माणसामाणसांतले सामाजिक अंतर सुचवते. शर्मा हे प्रतिगामी इतिहासकार नव्हते. शूद्रांच्या प्राचीन इतिहासावर त्यांनी केलेले काम आपण सर्वांनी वाचावे असे आहे. तरीही हे एक वाक्य आमच्याकडच्या मुलांच्या मनात काय करते ते मी पाहिले आहे. सोलापुरात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका मुलीने हे पान वाचून मला विचारले, “म्हणजे सर, तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा आपण गावाबाहेरच होतो का?” तिच्या आवाजात राग नव्हता. हवामानाची माहिती विचारावी तसे तिने विचारले. मला त्या रागाच्या अभावाची भीती वाटली. जी गोष्ट माणसांनी केली, ती निसर्गाने केल्यासारखी वाटू लागली की विद्रोहाचे मूळच खुडले जाते.

म्हणून हे वाचन नीट तपासायला हवे. ‘पुराव्यातून असे दिसते’ असे म्हटले जाते तेव्हा पुराव्यात काय आहे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय आहे, हे वेगळे काढले पाहिजे. पुराव्यात एवढेच आहे की काही घरांपाशी धंद्याच्या खुणा सापडल्या आणि ती घरे टेकाडाच्या पश्चिम बाजूला होती. ‘कड म्हणजे कमीपणा’ हे पुराव्यात नाही. ते आपल्या आजच्या खेड्यातून तिथे गेले आहे.

आणि आजच्या खेड्याचा दाखला घ्यायचाच, तर तो तरी नीट घ्यावा. बलुतेदारीच्या खेड्यात कुंभार आणि सोनार गावकुसाबाहेर होते का? नव्हते. कुंभारवाडा गावात होता, सोनाराचे घर पेठेत होते. बाहेर होते ते महार आणि मांग. त्यांच्या कामाला आवा लागत नव्हता, मूस लागत नव्हती. वेशीवर पहारा, सांगावा पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, शिवेची साक्ष देणे, दोर वळणे, वाजवणे. यातले कोणते काम तीन हजार वर्षांनी मातीत सापडेल? म्हणजे इनामगावच्या कडेला ज्यांची घरे ओळखता आली ते कारागीर आपले पूर्वज म्हणून दाखवायचे, आणि ज्यांच्या श्रमाची खूण मातीत उरतच नाही त्यांच्याविषयी मात्र काहीच म्हणायचे नाही, असे हे उलटे गणित आहे.

कुंभाराने कडेला राहण्याला साधी कारणेही असतात. आव्याला मोकळी जागा लागते. कुडाच्या भिंती आणि गवताची छपरे असलेल्या वस्तीत मधोमध आगीचे काम करणे शहाणपणाचे नाही. माती आणि पाणी जवळ असले की डोक्यावरचे ओझे वाचते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात आजही वीटभट्टी गावाच्या मध्यभागी नसते. तेवढ्यावरून भट्टीवाल्याची जात कुणी ठरवीत नाही. कामाच्या सोयीने पडलेले अंतर आणि विटाळाच्या नियमाने पाडलेले अंतर या दोन गोष्टी एका शब्दात कोंबल्या की दुसरी गोष्ट पहिलीच्या आड लपते.

या वाचनावर पुरातत्त्वाच्या आतूनही प्रश्न आले आहेत, हे वाचकांना सांगितले पाहिजे. शीना पांजा यांनी २००३ मध्ये इनामगावच्या रचनेची फेरतपासणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. इथली माणसे आपण समजतो तितकी एकाच जागी ठाण मांडून बसलेली नव्हती, वस्तीत येणे-जाणे, घरे सोडणे आणि पुन्हा वापरणे चालत असावे, ही त्यांची दिशा आहे. घरात सापडलेली वस्तू त्या घरात राहणाऱ्याचीच होती असे धरता येत नाही. घर ओस पडल्यावर शेजारी तिथे केर टाकतात. हे उकिरड्याचे साधे शास्त्र आहे. ते मान्य केले की मध्यभागी प्रमुख, भोवती शेतकरी, कडेला कारागीर हा रेखीव नकाशा बराच ढिला पडतो. पण पांजांचा निबंध इंग्रजी नियतकालिकात राहिला, आणि ‘सामाजिक अंतर’ मात्र खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या वहीत उतरले.

याचा अर्थ इनामगावात सगळे समान होते, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे काही मंडळींना एक सुवर्णयुग हवे असते. आर्यांपूर्वी सगळे निर्मळ होते, अशी कथा त्यांना आवडते. मला ती मान्य नाही. पाच खोल्यांचे घर आणि एका खोलीचे घर यांत फरक आहे. ज्याची पावले शाबूत ठेवली तो आणि ज्यांची तोडली ते यांत फरक आहे. त्या तोडलेल्या पावलांची प्रतिमा करून एखाद्या तरुण कवीने वर्णव्यवस्थेवर कविता लिहावी, हा मोह मी समजू शकतो. पण तो आवरावा, कारण ज्यांची पावले तोडली ते अस्पृश्य नव्हते, गावातले बहुतेक मोठे लोक होते. विषमता आणि अस्पृश्यता या एक नव्हेत. विषमता जगातल्या पुष्कळ समाजांत उगवली. शिवल्याने विटाळ होतो, सावली पडल्याने विटाळ होतो, आणि तो जन्माने ठरतो, ही मात्र एक विशिष्ट रचना आहे आणि तिला विशिष्ट इतिहास आहे.

तो इतिहास शोधण्याचे काम बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात केले. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी इ. स. ४०० च्या सुमाराचा मानला. त्यापूर्वीच्या ग्रंथांत अपवित्र मानलेले लोक होते हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी ‘अपवित्र’ व ‘अस्पृश्य’ यांत भेद केला. या तारखेवर विद्वानांत वाद आहे, तो असावा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की बाबासाहेबांनी तारीख मागितली. ज्याला जन्मतारीख आहे त्याला मरणही आहे. अस्पृश्यता पांढरीच्या तळच्या थरापासून होती असे म्हटले की ती मातीचा गुण ठरते, आणि मग तिच्याशी लढणे म्हणजे मातीशी लढणे होते. इनामगावच्या कडेच्या घरांवरून निघालेले ते वाक्य, लिहिणाऱ्याच्या मनात नसतानाही, बाबासाहेबांनी मागितलेली तारीख पुसून टाकते. माझा आक्षेप एवढ्यावर आहे.

आज या प्रश्नाला जनुकशास्त्राचीही जोड मिळाली आहे. कल्याणी येथील राष्ट्रीय संस्थेतल्या अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार यांनी २०१६ मध्ये दाखवले की भारतातल्या वेगवेगळ्या समूहांत बराच काळ सरमिसळ होत होती आणि काही उच्चवर्णीय समूहांत ती सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, अचानक थांबली. त्यापूर्वी २०१३ मध्ये प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरमिसळीचा काळ सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंतचा सांगितला होता. या आकड्यांनी बाबासाहेब ‘सिद्ध’ झाले असे ओरडत सुटू नये. जातीबाहेर लग्न न करणे म्हणजे अस्पृश्यता नव्हे, आणि रक्ताच्या तपासणीत गावकूस दिसत नाही. पण एवढे निश्चित की इनामगाव नांदते होते तेव्हा आणि ते ओस पडल्यावरही कित्येक शतके या देशातली माणसे एकमेकांत मिसळत होती. भिंत नंतर आली.

आता उकिरड्याकडेच वळू, कारण ज्याच्याविषयी पाठ्यपुस्तके फारसे बोलत नाहीत ते तिथे आहे. इनामगावच्या आणि दख्खनच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या केरात जनावरांची हाडे आहेत. त्यांत गाईबैलांची हाडे भरपूर आहेत. शेळ्यामेंढ्या, हरणे, मासे, शिंपले हेही आहे. गाईबैलांच्या कित्येक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, कित्येक भाजलेली आहेत. म्हणजे ते मांस खाल्ले गेले. कुणी खाल्ले? गावाच्या एका कोपऱ्यातल्या लोकांनी नव्हे. ते गावाचे जेवण होते. जव पेरणारा, बैल राखणारा, आणि तोच बैल म्हातारा झाल्यावर खाणारा, हा एकच माणूस होता. त्या घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत शीर नसलेली देवी आणि बैलाची मूर्ती जपून पुरलेली सापडते आणि बाहेर केरात बैलाची कापलेली हाडे सापडतात. श्रद्धा आणि जेवण यांत त्या लोकांना विरोध दिसत नव्हता.

डॉ. सांकळिया यांनी ‘सेमिनार’ मासिकाच्या १९६७ सालच्या गोविषयक अंकात गाईच्या इतिहासावर लिहिले, आणि उत्खननातली हाडे काय सांगतात ते स्पष्ट मांडले. गोहत्याबंदीच्या आंदोलनाने दिल्ली हादरून वर्षही झाले नव्हते. एका प्रतिष्ठित संशोधकाने त्या वेळी हे लिहिणे याला धैर्य लागते, आणि त्याचे श्रेय आपण मोकळ्या मनाने द्यावे. परंतु सांकळियांच्या लेखात आणि बाबासाहेबांच्या ग्रंथात एक अंतर राहिले. संशोधकाने सांगितले : पूर्वी सगळे खात. बाबासाहेबांनी पुढचा प्रश्न विचारला : मग सोडले कुणी, कधी, आणि जे सोडू शकले नाहीत त्यांचे काय झाले? गोमांस सोडणे हे वर चढण्याचे साधन झाले आणि मेलेल्या जनावराचे मांस हे खाली ढकललेल्यांचे नशीब झाले, हा त्यांचा सिद्धांत. हाडांनी पहिला भाग पक्का केला आहे. दुसऱ्या भागासाठी पुढच्या काळातल्या, म्हणजे इ. स.च्या पहिल्या सहस्रकातल्या खेड्यांचे उकिरडे तितक्याच बारकाईने उकलायला हवेत. कोणत्या थरापासून गावाच्या केरातून बैलाचे हाड कमी होते आणि गावाबाहेरच्या केरात ते उरते? हा प्रश्न घेऊन कुणी कुदळ मारली तर अस्पृश्यतेची तारीख मातीत शोधता येईल. पण त्या काळातले खणायचे म्हटले की आपल्याकडे लेणी, स्तूप, नाणी आणि रोमचा व्यापार एवढेच डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन बैलाची कत्तलही बंद झाली. ज्या राज्याच्या पांढरीत तीन हजार वर्षांपूर्वीची बैलाची भाजलेली हाडे आहेत, त्या राज्यात आज ताटातल्या मांसावरून माणसाची तपासणी होते. उकिरड्याचा प्रश्न जुना झालेला नाही.

दुसरी गोष्ट शब्दाची. इंग्रजी अहवालांत अशा वस्तीला ‘सेटलमेंट’ म्हणतात. सोलापूरकराच्या कानाला हा शब्द वेगळा लागतो. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भागच आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे पारधी, कैकाडी, टकारी, भामटे अशा लोकांना तारेच्या कुंपणात कोंडून हजेरी घेतली जाई, आणि इथल्या गिरण्यांना त्यातून मजूर मिळत. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. तार गेली, नाव राहिले.

आता इनामगावच्या शेवटच्या काळातल्या त्या गोल झोपड्या पाहा. त्या समजून घेताना ढवळीकरांनी आजच्या फासेपारध्यांच्या झोपड्यांचा दाखला घेतला. जिवंत माणसांवरून जुन्या अवशेषांचा अर्थ लावण्याची ही पद्धत चुकीची नाही. दामोदर कोसंबींनी आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीच्या वाटेवर अश्मयुगीन हत्यारांच्या खुणा शोधल्या त्या याच दृष्टीने, आणि त्यातून आपल्याला पुष्कळ कळले. परंतु फासेपारध्याची झोपडी गोल आणि उठवता येण्याजोगी आहे, ती तीन हजार वर्षांचा अवशेष म्हणून नव्हे. पोलीस आला की उठावे लागते म्हणून. रान गेले, शिकार गेली, गायरानातून हाकलले जाते म्हणून. त्या झोपडीच्या प्रत्येक काठीला १८७१ नंतरचा इतिहास आहे. तो न सांगता केवळ आकार उचलला, तर पारधी हा माणूस राहत नाही; तो भूतकाळाचा नमुना होतो. शेती गेली, घरे लहान झाली, माणसे भटकी झाली, या ‘ऱ्हासा’च्या कथेत भटका माणूस हा नेहमी शेवटच्या पायरीवर येतो. इनामगावच्या त्या लोकांनी कोरड्या वर्षांत शेळ्यामेंढ्या सांभाळून, शिकार करून तीनशे वर्षे तग धरला. यात ऱ्हासाइतकीच हिकमतही दिसते. दुष्काळात जनावरे घेऊन बाहेर पडलेल्या सांगोल्याच्या मेंढपाळाला ही हिकमत कुणी समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट कुदळीची. पुरातत्त्वाचा अहवाल संशोधकाच्या नावाने निघतो आणि खणणारे हात बहुधा आसपासच्या गावांतल्या मजुरांचे असतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो माणसे खडी फोडत होती, माती उपसत होती. जमीन उकलण्याचे ज्ञान त्या हातांत होते. एक नाव मात्र पुरातत्त्वाला पुसता आले नाही. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादला छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाचे मूळ खणताना चार धातूच्या मूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. मिळून साठ किलोंहून जड. भारतीय पुरातत्त्वातल्या अत्यंत महत्त्वाच्या सापडींपैकी ही एक. ती एका भिलाने मिळवून दिली. त्या मूर्तींच्या काळाविषयी, कारागिरीविषयी ग्रंथ झाले. ज्या माणसाच्या हाती त्या लागल्या, त्याला त्या जमिनीविषयी, त्या नदीविषयी काय ठाऊक होते, हे विचारण्याची पद्धत मात्र या शास्त्रात पडली नाही.

आमच्या जिल्ह्यात तर हाडांची एक कथा त्याहून जुनी आहे. मंगळवेढ्याचे कूस बांधताना भिंत कोसळली आणि कामावरचे मजूर गाडले गेले, त्यात चोखामेळा होते. साल १३३८ असे परंपरा सांगते. नामदेव तिथे गेले, ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोख्याची म्हणून वेचली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी दिली. या कथेतला भक्तिभाव पुष्कळांनी गायला आहे. मी ती उत्खननाची कथा म्हणून वाचतो. गावाचे कूस बांधायला कुसाबाहेरची माणसे होती. ढिगाऱ्यातून एकाची हाडे ओळखली गेली, कारण ती प्रस्थापित देवाचे नाव घेत होती. जी हाडे बोलली नाहीत ती तिथेच राहिली. आपला इतिहास त्या न बोललेल्या हाडांचा आहे. पुरातत्त्व हे एकच शास्त्र असे आहे की जे न बोलणाऱ्या हाडांनाही साक्षीला उभे करू शकते. म्हणूनच त्याच्याकडून माझी अपेक्षा मोठी आहे आणि म्हणूनच तक्रारही.

ढवळीकरांनी मराठी वाचकांसाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ लिहिली. २०१८ मध्ये ते गेले. किचकट अहवालांतली माहिती इतक्या सोप्या मराठीत आणणारा दुसरा संशोधक आपल्याकडे झाला नाही, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो. पण ‘कुळकथा’ या शब्दापाशी मी थांबतो. कूळ ज्याचे सांगितले जाते त्याची कुळकथा होते. ज्यांच्या कुळाची नोंद पाटलाच्या वहीत नव्हती, ज्यांचे वतन ‘कनिष्ठ’ म्हणून १९५८ च्या कायद्याने मोडीत निघेपर्यंत गुलामीचे साधन होते, त्यांनी या कथेत आपले पान कुठे शोधावे? पांढरीच्या मधोमध रांजणात बसवलेल्या त्या एका माणसाच्या घरात? कडेच्या भट्टीपाशी? माझे उत्तर असे की दोन्ही ठिकाणी नव्हे, आणि सगळीकडे. त्या काळी ती विभागणी झालेलीच नव्हती. तिथल्या कुंभाराचे, बैल राखणाऱ्याचे, मडक्यात पुरलेल्या मुलाच्या आईचे वंशज पुढे कुणी पाटील झाले असतील, कुणी महार झाले असतील, कुणी पारधी. कोण काय झाले ते नंतर, माणसांनी, विशिष्ट काळी ठरवले.

दलित साहित्याने आजवर आत्मकथनांतून गावकुसाबाहेरचे जगणे मांडले. ते काम मोठे आहे. पण गावकूस केव्हा उभे राहिले हा प्रश्न आपण इतरांच्या हाती सोडून दिला. आपल्या पदवीधर मुलांनी पुरातत्त्वाकडे वळावे, अहवाल वाचावेत, खंदकात उतरावे, हाडे मोजायला शिकावे. भीमेकाठच्या किती जुन्या पांढरी १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनीच्या पाण्याखाली गेल्या आणि किती खतासाठी खणून नेल्या जात आहेत, याची नोंद तरी तालुक्या-तालुक्यांतून करावी. गावाच्या शिवेचा वाद निघाला की पूर्वी महाराची साक्ष घेत, आणि ती मानली जाई. शीव कुठे आहे हे सांगण्यापुरतीच ती साक्ष होती. शीव कुणी आणि केव्हा आखली हे सांगण्याची साक्ष अजून व्हायची आहे. ती आपल्यालाच द्यावी लागेल, आणि त्यासाठी आधी पांढरीत उतरावे लागेल.